कामणची बाई

माझी मुलगी आठ वर्षांची असताना तिच्या हाडांवर गाठी वाढू लागल्या. तिच्या बाबांकडून आलेल्या. वाढ पूर्ण होईपर्यंत लक्ष ठेवायचं, फार त्रास झाला तरच काढायच्या, असं माणिकपूरचे डॉक्टर सांगायचे. पण गुडघ्यावरची गाठ दिसू नये म्हणून पोर भर उन्हाळ्यातही सलवार घालायची.

एकदा दवाखान्यात शेजारी कामणची एक बाई बसली होती. अंबाड्यात अबोलीचा गजरा, मांडीवर पेंगुळलेली लेक. तिनं आमच्याकडे पाहून मोठ्यानं विचारलं, "गाठी ना? कोनाकडनं आल्या?"

मी ओशाळले. "हिच्या बाबांकडून."

"हिला माझ्याकडनं, मला माझ्या बापाकडनं," ती हसत म्हणाली आणि कोपर माझ्या मुलीपुढे धरलं. "हात लाव गो, चावत नाय. मनगटावरची दुखायची, ती काढली."

"काढताना दुखलं?" मुलीनं विचारलं. हा प्रश्न तिनं आम्हाला कधी विचारला नव्हता.

"तवा झोपवतात. उठल्यावर दुखलं, रडले. मग आयनं कोंबडी रांधली." मुलगी खुदकन हसली. बाई पुढे म्हणाली, "बापाकडनं काय गाठीच येतात? माझा बाप झकास गायचा. त्याचा गळा पन मलाच आला."

मुलीनं थोडा विचार केला आणि सलवार गुडघ्याच्या वर ओढली. "माझी तुमच्यापेक्षा मोठी आहे."

बाईनं गाठ नीट चाचपली. "हरले बाय मी!"

ती पुन्हा कधी भेटली नाही. त्या दिवशी रिक्षात बसल्याबसल्या मुलीनं मला विचारलं, "आई, बाबांना गाता येतं का गं?"