पाच इंचांनी आखूड साखळी

विंडसरला आलो त्या पहिल्या वर्षी नवऱ्याला रात्रपाळी होती. शनिवारी सकाळी तो घरी येऊन झोपायचा, आणि आमच्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी वाटी जरी ओट्यावर ठेवली तरी त्याला जाग यायची. म्हणून शनिवारी मी बाहेर पडायचे. ग्रोसरी, मग नदीकाठच्या बाकावर पलीकडचं, अमेरिकेतलं डेट्रॉइट बघत एक कॉफी. ऑक्टोबरात नदीवरचा वारा झोंबायला लागला तसा मी बाक सोडला आणि आतल्या रस्त्याने परतायला लागले. त्या रस्त्यावर फुटबॉलचं मैदान होतं.

फुटबॉल म्हणजे इथला. डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, काखेत दाबलेला लांबट बॉल. एकाने बॉल घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला आडवा करायचा, एवढंच मला दिसत होतं. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंच्या बायका, दोन-चार कुत्री आणि मी. खेळणारे मी कामाला होते त्या कारखान्यातले, आमच्याच प्लांटमधले आहेत हे मला तिसऱ्या शनिवारी कळलं. असेंब्ली लाइनवरचा एक माणूस हेल्मेट काढून माझ्या शेजारी पाणी प्यायला आला, तेव्हा.

त्या दिवशी मैदानाच्या कडेच्या रेषेवर उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांची पाठ धरली. त्यांच्या हातात एक उंच, रंगीत काठी होती. काठीला साखळी, साखळीच्या दुसऱ्या टोकाला तशीच काठी. गृहस्थांना खुर्चीत बसवलं, आणि टीमचा कोच माझ्याकडे चालत आला. टूलरूममधला जुना टूलमेकर, म्हणजे मशीनची हत्यारं घडवणारा, भरदार मिशांचा. त्याला सगळे कोचच म्हणत, आणि मीही तेच म्हणणार आहे.

"तू गेज रूममधली ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं. प्लांटमध्ये तयार होऊन येणारे पार्ट मोजून पास-नापास करणं हे माझं काम.

"मग ही काठी धर. तुझ्याइतकं नीट इथे कोणी धरणार नाही."

"मला खेळ कळत नाही, कोच."

"उत्तम. कळणारे लोक काठी हलवतात."

अशी मी साखळीवाली झाले. काम समजायला पाच मिनिटं पुरली. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे जायचं असतं, आणि त्यासाठी तीन संधी, म्हणजे तीन डाऊन, मिळतात. तीनमध्ये जमलं तर पुन्हा नव्या तीन, नाही जमलं तर बॉल दुसऱ्यांचा. नदीपलीकडे अमेरिकेत चार संधी देतात. आमच्याकडचे लोक हे फार अभिमानाने सांगतात, जणू एक संधी कमी असणं ही शौर्याची गोष्ट आहे. साखळी बरोबर दहा यार्डांची. बॉल पुरेसा पुढे गेला की नाही याबद्दल शंका आली की आम्ही दोघं काठ्या घेऊन मैदानात धावतो, साखळी ताणतो, आणि रेफ्री वाकून बघतो. त्या अर्ध्या मिनिटात बावीस-चोवीस धिप्पाड माणसं श्वास रोखून तुमच्या मुठीकडे बघत असतात. आयुष्यात माझ्याकडे इतकं लक्ष कोणी दिलं नव्हतं. लग्नातसुद्धा नाही.

नियम एकच होता. साखळीवाल्यांनी कोणासाठीही ओरडायचं नाही. आपली टीम जिंकली तरी नाही. मला ते फार कठीण जायचं. जीभ दाताखाली धरून उभी राहायचे.

वर्षं गेली. नवऱ्याची रात्रपाळी सुटली, आम्ही घर घेतलं, मुलगी झाली. ती लहान असताना रेषेबाहेर गोधडीवर बसायची. आता हायस्कूलमध्ये आहे आणि मी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. मी मात्र दर शनिवारी काठीला.

मागच्या वर्षी ऐन हिवाळ्यात क्लबने ठरवलं की आपला इतिहास लिहून छोटी पुस्तिका काढायची. सप्टेंबरात जुन्या खेळाडूंचा मेळावा होता, तेव्हा वाटायची. लिहिणार कोण, यावर मीटिंगमध्ये सगळे बुटांकडे बघायला लागले. कोच म्हणाला, "साखळीवाली लिहील. ती कोणाची बाजू घेत नाही."

मग हिवाळाभर, आणि पुढे वसंतातही, दर रविवारी चर्चमधला मास झाल्यावर मी त्याच्या बेसमेंटमध्ये जाऊन बसत होते. तो रिटायर झालेला, बायको गेलेली, गुडघे कुरकुरणारे. आठवण मात्र पक्की. खोक्यांमधून फोटो काढायचा, बोटाने पुसायचा आणि सुरू व्हायचा. टूलरूम आणि असेंब्लीतल्या माणसांनी जेवणाच्या सुट्टीत पार्किंगमध्ये बॉल फेकता फेकता टीम कशी काढली. पहिली हेल्मेटं एका शाळेने टाकून दिलेली होती, ती तीन रंगांची होती, आणि दोन दुपारी प्लांटच्या मागे बसून सगळ्यांनी ती निळी कशी रंगवली. रंग पूर्ण वाळला नव्हता, त्यामुळे पहिल्या मॅचनंतर समोरच्या टीमच्या पोटांवर निळे गोल उमटलेले होते. डेट्रॉइटकडच्या टीमशी मैत्रीची मॅच ठरली, तेव्हा अर्धा वेळ आपले नियम आणि अर्धा वेळ त्यांचे असं ठरलं. आणि त्यांच्या नियमांच्या वेळात आपली पोरं तिसऱ्या संधीनंतर सवयीने बॉल ठेवून निघून जायची.

वाईट वर्षही त्याने सांगितलं. प्लांटची एक शिफ्ट बंद झाली आणि निम्मी टीम कामाच्या शोधात कॅल्गरीला गेली. मैदानात बारा जण लागतात. उरले होते चौदा. त्या चौदांनी अख्खा सीझन काढला. एकही मॅच जिंकले नाहीत. "पण एकही मॅच सोडली नाही," कोच म्हणाला, आणि बराच वेळ त्या फोटोतल्या चौदा जणांची नावं एकेक करून मला सांगत बसला.

आणि अर्थात ती फायनल. क्लबने जिंकलेली एकमेव चॅम्पियनशिप. मी यायच्या आधीची, पण मला ती तोंडपाठ होती, कारण क्लबमध्ये आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या आठवड्यात ऐकवली जाते. समोर हॅमिल्टनची टीम. शेवटची दोन मिनिटं, आपण चार पॉइंटने मागे, तिसरी संधी, एक यार्ड हवा. आपला एक दणकट गडी बॉल छातीशी धरून माणसांच्या ढिगात घुसला. ढीग उठवला, साखळी आणली, ताणली. बॉलचं टोक काठीच्या चार बोटं पुढे. दोन खेळींनंतर टचडाऊन, सहा पॉइंट, आणि मॅच आपली. त्या मोजणीचा फोटो क्लबच्या भिंतीवर आहे: रेफ्री वाकलेला, आणि मागे कोच दोन्ही हात आभाळाकडे करून.

ती साखळी नंतर मीसुद्धा आठ वर्षं धरली. मग नवी आली आणि जुनी शेडमध्ये खिळ्याला टांगली गेली. मेळाव्यात ती टेबलावर मांडावी असं माझ्या मनात आलं. मे महिन्यात एकदा लंच ब्रेकमध्ये गंज काढायला म्हणून मी ती गेज रूममध्ये नेली. ब्रशने घासली, तेलाचा हात दिला. आणि समोर लांब टेबल होतं, स्टीलची टेप होती, म्हणून मोजली. दुसरं काही कारण नव्हतं. माझ्या हातात वस्तू आली की मी ती मोजते.

साखळी पाच इंच कमी भरली.

पुन्हा मोजली. टेप बदलून मोजली. मग कडी कडी बोटांतून सरकवत गेले, आणि मध्याच्या थोडं पुढे एक कडी सापडली जी बाकीच्यांपेक्षा जाड होती आणि फार सुंदर जोडलेली होती. कोणीतरी साखळी दुरुस्त केली होती, आणि दुरुस्तीत मधल्या काही कड्या गेल्या होत्या.

चार बोटं म्हणजे तीन इंच. बॉल पुढे नव्हता. दोन इंच मागे होता.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो विंटर टायर बेसमेंटमध्ये रचत होता.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग नको सांगू. कोण मोजायला जाणार आहे गो? म्हाताऱ्याचं एवढं एक सुख आहे."

"पुस्तिकेत लिहायचंय ना मला."

"लिही, बॉल पुढे होता. सगळ्यांनी बघितला पुढे." टायर ठेवून त्याने माझ्याकडे बघितलं. "तुला नाही जमणार, नाही का?"

जमत नव्हतं. दोन रविवार मी कोचकडे गेलेच नाही. सर्दीचं निमित्त केलं. मला त्या फायनलइतकंच माझ्या स्वतःच्या आठ वर्षांचंही लागलं होतं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी मी पार्ट परत पाठवते, आणि आठ वर्षं आखूड साखळी ताणून इतक्या माणसांना सांगत होते, पोहोचलात, नाही पोहोचलात.

तिसऱ्या रविवारी साखळी पिशवीत घालून गेले. काही प्रस्तावना न करता टेबलावर पसरली आणि जाड कडीवर बोट ठेवलं. "कोच, ही पाच इंच कमी आहे."

 खिशातून चष्मा काढून त्याने ती कडी उजेडात धरली.

"माझं काम आहे हे," तो म्हणाला. "त्याच वर्षीच्या वसंतात. गवत कापायच्या मशीनमध्ये साखळी अडकली होती. चार-पाच कड्या चुरगळल्या, मी कापून काढल्या आणि टूलरूममध्ये नवी कडी बनवून जोडली." त्याने ती अंगठ्याने चाचपली. "जोड बघ. अजून हललेला नाही."

"सुंदर आहे."

"आणि मोजली नाही. आयुष्यभर टूलमेकर होतो, आणि मोजली नाही." त्याचा चेहरा उतरला. फायनलबद्दल तो काहीच बोलला नाही. हेच परत परत म्हणत राहिला. मी उठून चहा केला. कप हातात घेऊन तो म्हणाला, "फोन दे."

हॅमिल्टनच्या त्या टीमच्या कॅप्टनचा नंबर त्याच्या जुन्या वहीत होता. फोन स्पीकरवर ठेवून त्याने सरळ सांगून टाकलं. मी कोण, साखळी काय, किती इंच. 

"बाई ऐकतेय का?" पलीकडून आवाज आला.

"ऐकतेय," मी म्हटलं.

"त्या दिवशी आमच्या हातातून बॉल दोनदा निसटला. दोन्ही वेळा माझ्या हातातून. मला ते दोन बॉल आठवतात, पाच इंच नाही." मग म्हणाला, "पण त्या रेफ्रीला मी इतकी वर्षं शिव्या देतोय. आता त्याची माफी कुठे जाऊन मागू?"

कोच हसला नाही. "ट्रॉफी तुमची आहे. मी घेऊन येतो."

"ट्रॉफी नको. ठेवायला जागा नाही. तो एक डाऊन परत द्या, पुन्हा खेळू."

सप्टेंबरच्या मेळाव्याला तो सहा जणांना घेऊन आला, व्हॅनमधून, जुन्या जर्सी पोटांवर ताणून. मी घरून फुग्या, आमच्याकडचे पिठाचे गोल गोळे, तळून नेल्या होत्या. डबा उघडेपर्यंत निम्म्या संपल्या. दुपारी सगळे मैदानात उतरले. त्यांच्यात कमी पडलेली माणसं आमच्या हल्लीच्या टीममधून भरली, त्यात दोन मुलीही होत्या, कारण आता आमच्याकडे मुलीही खेळतात. ढिगात घुसलेला आमचा तो गडी आता स्कूलबस चालवतो आणि त्याचा एक गुडघा बदललेला आहे. धक्का द्यायचा नाही, नुसता हात लावायचा, असं त्याच्या बायकोने दोन्ही टीमना बजावलं.

एक यार्ड हवा होता. मी नव्या साखळीची काठी घेऊन उभी राहिले. सकाळीच मोजून घेतली होती. जुने गडी कण्हत, हसत ओळीत वाकले. कोणीतरी खेळ सुरू करायचे आकडे ओरडलं. मधल्या माणसाने पायांमधून बॉल मागे दिला, म्हणजे द्यायला हवा होता; तो सुटला आणि मागच्याच्या डोक्यावरून उडाला. स्कूलबसवाला वळून त्याच्यामागे धावला, धावला म्हणजे लवकर चालला, आणि पंधरा यार्ड मागे जाऊन बॉलवर बसला. हॅमिल्टनच्या कॅप्टनने येऊन त्याच्या डोक्यावर अलगद हात ठेवला.

मोजायला जायची गरजच पडली नाही. हॅमिल्टनवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. कोच खुर्चीत हसून हसून खोकायला लागला, आणि मी काठी हातात असताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने ओरडले. कोणासाठी ते मला सांगता येणार नाही.

पुस्तिका त्याच दिवशी वाटली. फायनलच्या पानावर मी सगळं लिहिलं होतं, इंचांसकट. छापायला देण्याआधी कोचला दाखवलं, तेव्हा त्याने पेन्सिल घेऊन खाली एक ओळ वाढवली: दुरुस्ती मी केली होती, जोड चांगला आहे.

या एप्रिलमध्ये सीझन सुरू व्हायच्या आधी त्याचा फोन आला. नवी साखळी घेऊन ये, मोजून घेऊ म्हणाला. त्याच्या बेसमेंटमध्ये ती पूर्ण पसरत नाही, म्हणून आम्ही ती ड्राइव्हवेवर टाकली. उरलंसुरलं बर्फ त्याने आधीच फावड्याने काढून ठेवलं होतं. एका टोकाला मी बसले, दुसऱ्या टोकाला तो गुडघ्यांवर, टेप धरून.

"तीस फूट, बरोबर दहा यार्ड," तो ओरडला.

"किती थंडीत?" मी विचारलं. धातू थंडीत आखडतो.

तो थांबला, उठला, गॅरेजमधून थर्मामीटर घेऊन आला, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसलो.