मोसाजींचे टेबल आणि साहेबांचे पाय

आपल्या गोंदिया जिल्ह्यात असे एकही टेबल नसेल, ज्याची आमच्या मोसाजींना कीव आलेली नाही. माणसांविषयी ते फारसे बोलत नाहीत, पण टेबलांविषयी त्यांच्या मनात फार माया आहे. तहसीलमध्ये दाखल्याच्या रांगेत उभे असोत, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत असोत, त्यांची नजर आधी टेबलाच्या पायांकडे जाते आणि मग हळूच उद्गार निघतो, "वीस वर्षं झाले असन याले, एकाच उंचीवर उभं हाय. माणूस असता तं पागल झाला असता." मोसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. धंद्याने सुतार, शिक्षण चौथीपर्यंत. पोटासाठी त्यांनी दारे केली, चौकटी केल्या, लग्नाचे दिवाण केले. पण जीव रमला तो एकाच गोष्टीत: ऑफिसात येईल त्या माणसाला आणि पडेल त्या कामाला जुळवून घेईल असे टेबल बनवण्यात. "टेबल माणसाच्या ऐकण्यात पायजे," ते म्हणतात. "आता माणूस टेबलाच्या ऐकण्यात हाय."

माप घेण्याची त्यांची पद्धत साऱ्या पंचक्रोशीला माहीत आहे. टेप त्यांना मान्य नाही. टेप भिंतीसाठी असते, असे त्यांचे मत. ते बांबूची एक पातळ कमची घेऊन जातात आणि माणूस कामात असताना, त्याला कळू न देता, त्याच्या कोपराची उंची त्या कमचीवर चाकूने खाच पाडून टिपतात. "माप घेतो म्हटलं का माणूस ताठ होते. ताठ माणसाचं माप खोटं राहते." हे शास्त्र बरोबर असेलही, पण एकदा बँकेच्या नव्या मॅनेजरच्या पाठीमागून त्यांनी कमची लावली आणि हातात उघडा चाकू होता. मॅनेजर खुर्चीसकट उलटे झाले. शिपायाने मोसाजींना धरले. मी धावत गेलो तेव्हा मोसाजी शांतपणे म्हणत होते, "पाहा, खुर्चीचे पाय आखूड हायत म्हणूनच पडले. मी तं हात बी नाही लावला."

घरातही तेच. त्यांच्या घरी पाहुण्याने बसण्याआधी विचारावे लागते. एकदा मी दिवाणावर बसलो, तर मोसाजींनी एक खुंटी काढली, दिवाणाचे कपाट झाले आणि मी त्याच्या कडेला लटकलो. स्क्रू आणि खिळा त्यांच्या हिशेबी पाप. सगळे खुंट्यांवर आणि पाचरींवर चालते, म्हणजे कोणालाही हाताने खोलता यावे आणि लावता यावे. मावशी बिचारी सकाळी जिथे तांदळाचा डबा ठेवते, तिथे दुपारी पाटी-पेन्सिलीचा खण निघतो. "या घरात चूल तेवढी आपल्या जागेवर हाय," ती मला म्हणाली, "कारण तिले हात लावला तं उपाशी राहाल, असं सांगून ठेवलं हाय मी." माझ्यासाठी मुलगी पाहायला आम्ही देवरीकडे गेलो होतो, तेव्हा चहाची बशी हातात असतानाच मोसाजी टीपॉयखाली शिरले. मुलीच्या वडिलांना वाटले, पाहुण्यांना चक्कर आली. त्यांनी कांदा आणायला सांगितला. टीपॉयखालून आवाज आला, "कांदा नको. पाचर आणा. हा एक पाय दुसऱ्यावर नाराज हाय." लग्न जमले, हे त्या मुलीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, घरच्यांचे मोठेपण.

मी हसून लिहितो आहे, पण या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिले नव्हते. तीन वर्षे मी त्यांच्याकडे राहून शिकलो. फी भरायला, फॉर्मवर पालक म्हणून सही करायला तेच यायचे, आणि बी.ए. झालो तेव्हा गावभर मला हात धरून फिरवले. "हा आमचा बी.ए.," असे ते सांगायचे, जसे एखादे नवे टेबल दाखवावे. नंतर केशोरीकडच्या एका गावात सेवा सहकारी संस्थेत मी सचिव म्हणून लागलो आणि उपकारांची थोडी तरी फेड करावी म्हणून मीच अध्यक्षांपुढे विषय काढला: संस्थेची जुनी टेबले मोडली आहेत, तर नवी मोसाजींकडून का करून घेऊ नयेत?

आमच्या संस्थेची खोली एकच, पण कामे तीन. एरवी कर्जाचे आणि खताचे कागद. धान खरेदी सुरू झाली की शेतकऱ्यांची गर्दी आणि उभ्याने पावत्या. आणि वर्षातून एकदा आमसभा. मोसाजी दोन दिवस कोपऱ्यात पोत्यावर बसून नुसते बघत राहिले. मी कसा लिहितो, अध्यक्ष कसे सह्या करतात, धान मोजणारा मापारी कसा टेकतो. मग महिनाभराने बीजा नावाच्या टणक लाकडाची सहा सारखी टेबले आणि सहा रुंद खुर्च्या बैलबंडीतून आल्या. काय ती करामत! खुंटी एका भोकातून काढून दुसऱ्यात घातली की टेबल उभ्याने पावती फाडायच्या उंचीला येई. सहा जोडले की आमसभेचे मोठे मेज. वरची फळी तिरपी केली की नकाशे बघायला. टेबलाखाली आणि खुर्चीखाली मोठमोठे खण, त्यात सगळ्या नोंदवह्या. कोपऱ्यात गठ्ठे पडलेले असायचे ते नाहीसे झाले. धानाच्या हंगामात एका सकाळी आम्ही तीन वेळा खोलीचे रूप बदलले आणि कोणाला हातोडीसुद्धा लागली नाही. अध्यक्ष, जे आजवर कशालाच चांगले म्हणाले नव्हते, म्हणाले, "वाईट नाही."

ही बातमी तालुक्याला गेली. बाकीच्या संस्थांनाही असेच फर्निचर द्यावे का, हे ठरवायला एक साहेब पाहणीसाठी येणार, असे पत्र आले. मी ते मोसाजींना वाचून दाखवले. त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला. मग आपला उजवा हात पुढे धरून म्हणाले, "पाहा, बोटं आखडून राहिले आता. बारीक काम दोन-चार वर्षं होईन अजून. आपलं काम गावाच्या बाहेर जावं, एवढंच वाटते, बाबू." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना स्वतःसाठी काही मागताना ऐकले.

साहेब आले. वयाने माझ्याएवढेच, कडक इस्त्रीची पॅन्ट, पायात बूट. मोसाजी धुतलेला पायजमा आणि टोपी घालून दाराशी उभे. मी खुंट्या बदलून दाखवल्या, मेज जोडून दाखवले. साहेब खरेच खूश झाले. "वा! आता जरा बसून अहवाल लिहितो," असे म्हणून ते खुर्चीवर बसले आणि खुर्ची पुढे ओढली. ठक्! त्यांचे दोन्ही गुडघे टेबलाखालच्या खणावर आपटले. ते तिरके बसले. पुन्हा ठक्. मग त्यांनी वाकून खाली पाहिले आणि विचारले, "इथे पाय कुठे ठेवायचे?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले, मी मोसाजींकडे. आणि त्याच क्षणी मला उमगले की इतक्या महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. कारण आम्ही सगळे, मी, अध्यक्ष, मापारी, खुर्चीवर बसलो की चपला खाली सोडून मांडी घालूनच बसतो. मोसाजींनी दोन दिवस बघून जे पाहिले, तेच मापले. टेबलाखालची जागा पायांसाठी मोकळी सोडायची, तर पाय तिथे होतेच कुठे? म्हणून त्यांनी तिथे खण केले. जगातल्या प्रत्येक कामाला जुळवून घेणारे ते टेबल, पाय खाली सोडून बसणाऱ्या माणसाला तेवढे ओळखत नव्हते.

"पाय वर घ्या न, साहेब," मोसाजी म्हणाले.

"ऑफिसात?"

"मंग कोठं? घरी जेवताना घेताच न."

अध्यक्षांनी माझ्या कानाशी तोंड आणले. "अगा, तो खण काढून टाकाले सांग न त्याले."

मोसाजींनी ते ऐकले. "खण काढला तं टेबल लंगडते," ते म्हणाले. "चारही पाय त्या खणानंच धरून हायत." मग साहेबांकडे वळून, अगदी घरच्या माणसाला समजवावे तसे, "साहेब, मी खोटं नाही बोलत. तुमच्यासारखं बसणारा इथं कोणी दिसलाच नाही मले. चुकी माझीच हाय."

साहेबांनी एकदा दाराकडे पाहिले. मग खाली वाकून बुटाचे बंद सोडले. मोजे काढून बुटात कोंबले. इकडेतिकडे बघत एक पाय वर घेतला, मग दुसरा. खुर्ची रुंद होती, मांडी नीट बसली. कोपर टेबलावर टेकले आणि त्यांच्या तोंडून नकळत "हां" असे निघाले. मापारी हसू दाबायला बाहेर गेला. साहेब लिहू लागले. जेवायला उठले, आले, पुन्हा मांडी घालून बसले. मधेच एकदा ते आपल्या घरच्या हिंदीत म्हणाले, "हमारे दादाजी ऐसे बैठते थे दुकान में." उन्हे कलेपर्यंत त्यांनी दोन पाने एकटाकी लिहिली. निघताना मला नक्कल दिली, मोसाजींना वाकून नमस्कार केला, आणि पायांना मुंग्या आल्यामुळे दाराची चौकट धरत, जरा लंगडतच जीपमध्ये बसले.

जीप वळणावर दिसेनाशी झाल्यावर मोसाजी म्हणाले, "वाच."

मी वाचले. काम उत्तम आहे, कल्पना नवी आहे, लाकूड चांगले आहे, असे पान भरून होते. दुसऱ्या पानाच्या शेवटी मात्र होते की पाय ठेवण्यास जागा नसल्यामुळे इतर कार्यालयांसाठी शिफारस करता येत नाही. या कार्यालयाने वापर चालू ठेवण्यास हरकत नाही. वाचताना ते एक वाक्य गाळावे असे मला फार वाटले. त्यांना कळलेही नसते. पण ज्याने मला शिकवण्यासाठी तीन वर्षे जेवू घातले, त्याच्यापुढे चुकीचे वाचायला जीभ धजली नाही.

मोसाजी ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "जेवणाचा वेळ सोडून किती तास बसला तो?"

"चार तरी."

"पाठ दुखते म्हणे का एकदा तरी?"

"नाही."

"मंग टेबल बरोबर हाय," ते म्हणाले. पण एरवी रस्त्यातल्या प्रत्येकाला हाक मारत सायकल हाकणारे मोसाजी त्या दिवशी कोणालाही हाक न मारता गेले.

आठवडाभराने ते पुन्हा बंडी घेऊन आले. बंडीत सातवे टेबल होते आणि एक खुर्ची. खण बाजूला सरकवलेले, मधे पायांसाठी भरपूर जागा, आणि चारही पाय एका आडव्या दांडीने बांधलेले. मी म्हणालो, "मोसाजी, आता कायले? साहेब तर लिहून गेले."

"दुसरा कोणी येईन न," ते म्हणाले. "पाय तं सगळ्याईलेच हायत."

ते टेबल खिडकीपाशी ठेवले आहे. अजून दुसरे कोणी आलेले नाही, आणि आम्ही कोणी तिथे बसत नाही. आम्हाला सवय नाही. मात्र बाजाराच्या दिवशी मोसाजी येतात, मावशीने दिलेला चिवडा माझ्या टेबलावर ठेवतात आणि त्या सातव्या टेबलापाशी जाऊन बसतात. पाय खाली सोडून, अगदी साहेबांसारखे. थोडे अवघडलेले दिसतात. पण बसून राहतात, साहेबांची जीप आली होती त्या केशोरीकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत.