दोघांपुरता स्वयंपाक

मिरजगावच्या शाळेवर बदली होऊन मला जेमतेम महिना झाला होता. एका रविवारी सकाळी दार वाजलं. उघडलं तर समोरच्या घरातले चाचा उभे. पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी, खांद्यावर टॉवेल आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग. येता-जाता त्यांना पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

“मॅडम, तुमच्याकडं बारकं पातेलं हाय का? दोघांपुरतं?”

मी एकटीच राहत होते. नवऱ्याची नोकरी पुण्यात. त्यामुळे माझ्याकडची सगळीच भांडी बारकी. त्यातलं एक मी त्यांना दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि अगदी गंभीरपणे विचारलं, “ह्यात मीठ किती टाकायचं?”

मला वाटलं, चेष्टा करताहेत. कारण युनूसचाचा हे आमच्या बाजूचे नावाजलेले आचारी आहेत, एवढं मला शाळेतल्या शिपायाकडून कळलेलं होतं. दालचा असो की बुंदी-मठ्ठा, मुसलमानांचं लग्न असो की मराठ्यांचं, कर्जतपासून आष्टीपर्यंत लोक आधी चाचांची तारीख घेत आणि मग मंगल कार्यालयाची. माझ्या चेहऱ्यावरचं हसू पाहून ते म्हणाले, “पाचशे मानसांचं सांगा, डोळं झाकून करतो. दोघांचं कधी केलंच न्हाई.”

आदल्या दिवशी त्यांच्या घरात काय झालं होतं ते मला नंतर त्यांच्या बायकोनं, शमीमचाचींनी सांगितलं. चाचींचे दोन्ही गुडघे गेले होते. नमाज त्या खुर्चीवर बसून पढायच्या, आणि दारापुढच्या दोन पायऱ्या उतरायलाही त्यांना भिंत धरावी लागे. नगरच्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करू म्हणून सांगितलं, पण त्याआधी वजन उतरवा, असंही सांगितलं. चाचींनी ते मनावर घेतलं आणि कुणाला न विचारता जेवणच बंद केलं. दिवसभर चहा, संध्याकाळी चार घास उकडलेला दुधी. शुगरची गोळी मात्र रोज चालू. व्हायचं तेच झालं. शनिवारी सकाळी मोरीत चक्कर येऊन पडल्या. डोकं फुटलं नाही हे नशीब.

गावातल्या डॉक्टरबाईंनी साखरपाणी देऊन त्यांना उठवलं, उपाशी राहून गोळी घेतल्याबद्दल खडसावलं, आणि मग मोर्चा चाचांकडे वळवला. “तुम्ही काय जेवता?”

“मी नेहमीचं.”

“आणि ह्या उकडलेला दुधी? एका घरात दोन चुली किती दिवस चालतील, चाचा? तुमचं पोट बघा जरा. जिना चढताना दम लागतो ना? मग दोघं मिळून करा, दोघं मिळून खा. पोटभर खा, पण नीट खा. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. घाई करायची नाही.”

चाचांना हे लागलं होतं. पोटाबद्दल बोलल्याचं नव्हे. त्यांची एक रीत होती. लग्नाचं काम संपलं की ते चाचींसाठी एक डबा भरून आणायचे. बिर्याणी, गोडाचा मीठा, बुंदी, जे असेल ते. त्यांच्या धंद्यात सणवार, सुट्टी काही नसतं. बायकोसाठी काही करायचं तर हा डबा. संसार उभा राहिल्यापासून तो कधी चुकला नव्हता. “म्हंजी माझ्याच हातानं तिचं गुडघं गेलं का मॅडम?” असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी म्हटलं, असं कसं म्हणता, वय आहे, अंगात ताकद कमी आहे, कारणं पुष्कळ असतात. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

तर त्या रविवारी दोघांनी मिळून पहिला स्वयंपाक केला. चाचींना उभं राहवत नसे, म्हणून चाचांनी अंगणातलं एक मोठं टेबल स्वयंपाकघरात आणून टाकलं. त्या खुर्चीवर बसून चिरणार, निवडणार, आणि भाकऱ्या थापून देणार. ते शेगडीपाशी उभे राहणार. घरात चाचींची भांडी होती, पण मुली नांदायला जाण्याआधीची, मोठ्या कुटुंबाची. पातेलं मोठं म्हणून स्वयंपाक मोठा, आणि उरलं की टाकवत नाही म्हणून चाचीच ते संपवायच्या. म्हणून तर चाचा माझ्या दारात आले होते.

मटकीची उसळ केली होती. संध्याकाळी आमच्या अख्ख्या गल्लीत वाटी वाटी आली. माझं पातेलं त्यांनी घेतलं खरं, पण मटकी भिजवताना हात सैल सुटला होता. “मुठी दोनच टाकल्या मॅडम,” असं म्हणून त्यांनी मूठ दाखवली. ती मूठ माझ्या दोन मुठींएवढी होती.

तेलावरून तर रोजच वाजायचं. चाचा डबा उचलून सरळ धार सोडायचे. “तेल वर दिसलं पायजे. तवा मानसाला जेवल्यासारखं वाटतं.” त्यावर चाची टेबलावरून म्हणायच्या, “दिसू द्या की. पन डब्यातच दिसू द्या.” शेवटी चाचींनी तेलाचा डबा स्वतःच्या खुर्चीखाली ठेवला आणि एक छोटी बाटली भरून दिली. आठवड्याला तेवढीच. पहिल्या आठवड्यात ती बुधवारीच संपली. पुढचे दिवस चाचांनी भाज्या पाण्याचा हबका मारून शिजवल्या आणि कुरकुरत खाल्ल्या. महिन्याभरात मात्र त्यांना त्यात रस वाटायला लागला. कांदा कोरडाच भाजून वाटला तर रश्शाला दाटपणा येतो, हे ते मला असं सांगायला आले जणू कुणाचं लग्न ठरलं होतं.

त्यांनी काही सोडून दिलं नाही, हे मला विशेष वाटायचं. शुक्रवारी मटण असायचंच, पण दालच्यात डाळ आणि दुधी वाढले आणि मटणाचे तुकडे मोजके झाले. ज्वारीची भाकरी, मेथी नाहीतर शेपू, उकडलेली अंडी, ताक, आणि ताटात आधी काकडी-कांदा-मुळा. भात एक वाटी. बुंदीचा डबा बंद झाला. पहिल्या लग्नाहून रिकाम्या हातानं परत आले तेव्हा चाचा दारातच बराच वेळ चपला काढत बसले होते. चाचींनी आतून विचारलं, “हातपाय धुताय का तिथंच ऱ्हाताय?”

वजन कुठं करायचं हा एक प्रश्नच होता. चाचा म्हणाले, आडतीवर मोठा काटा हाय. चाची भडकल्या. “मी काय कांद्याची गोणी हाय, चार लोकांत काट्यावर चढायला?” मग दर महिन्याला डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात जायचं ठरलं. चाचींचं वजन हळूहळू उतरत होतं. चाचांचं मात्र जागचं हलेना. एकदा ते वाढलंच.

त्या संध्याकाळी मी पुस्तकं घेऊन त्यांच्या ओट्यावर बसले होते. आतलं बोलणं सरळ ऐकू येत होतं.

“घरी माझ्याइतकंच खाताय. मग ही ढेरी कुनाची हाय?”

“कामच तसलं हाय माझं. चव घ्यावी लागती.”

“चव पळीनं घेत्यात. ताटानं न्हाई.”

मग चाचा बाहेर आले, माझ्याकडे न बघता चपला घातल्या आणि हायवेच्या बाजूला निघून गेले. त्या रात्री ते बाहेर जेवले. दुसऱ्या दिवशीही. गल्लीत सगळ्यांना कळलं, कारण हायवेवरच्या हॉटेलात युनूसचाचा भजी खाताना दिसणं ही मिरजगावात बातमीच होती.

चाचींनी पाठोपाठ माणूस पाठवला नाही की त्या रुसून उपाशी राहिल्या नाहीत. डॉक्टरबाईंनी वेळेवर जेवायला सांगितलं होतं, तसं त्या वेळेवर जेवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा काहीतरी न्यायला घरी आले. चाची टेबलाशी बसून जेवत होत्या. समोर चाचांचं ताट वाढून झाकून ठेवलेलं होतं.

संध्याकाळी पातेलं परत करायच्या निमित्तानं ते माझ्याकडे आले. खरं तर ते पातेलं मी कधीच त्यांना देऊन टाकलं होतं. दारातच पातेलं हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “मॅडम, आख्खी जिंदगी मी लोकांना जेवताना बघितलं. कोन काय सोडतंय, कोन काय मागतंय, लांबूनसुदिक कळतं मला. पन हिला जेवताना आज बघितलं. एकटीच बसली हुती. भाकरी मोडती, भिंतीकडं बघती, घास घेती. मी घरी कवा हुतो? डबा ठिवायचा आन झोपायचं. ती कवा खायची, कशी खायची, मला काय म्हाईत?”

एवढं बोलून ते पातेलं तसंच हातात घेऊन परत गेले.

त्यानंतर त्यांनी एक नियम केला. लग्न कुठंही असो, निघण्याआधी घरी चाचींबरोबर बसून जेवायचं. कधी सकाळी दहाला, कधी दुपारी चारला. पोट भरलेलं असलं की चव पळीनं घेता येते, हे त्यांनी स्वतःच मान्य केलं. टेम्पो दारात हॉर्न वाजवत उभा असायचा आणि चाचा आतून ओरडायचे, “दम धर रं! बायकोसंगं जेवतोय!” हे इतक्या मोठ्यानं, की सुरुवातीला चाचींना लाज वाटायची. नंतर त्याच टेम्पोवाल्याला चहा पाठवू लागल्या.

मध्ये एक वाईट काळ येऊन गेला. दोन-तीन महिने काटा हललाच नाही. त्यातच रमजान आला. शुगरमुळे डॉक्टरबाईंनी चाचींना रोजे धरायला मना केलं. चाची दिवसभर गप्प असायच्या. एकदा म्हणाल्या, “खानं सोडलं, गोड सोडलं, आता रोजापन सुटला. आता काय श्वास सोडू?” चाचांना समजुतीचं बोलणं जमत नसे. त्यांचा स्वतःचा रोजा होता, तरी दुपारी चाचींच्या जेवणाच्या वेळी ते त्यांच्या समोर येऊन बसायचे. “मी न्हाई खात, पन तू खा. मी बसतो.” डॉक्टरबाईंनी खुर्चीवरून उठ-बस करायचा व्यायाम दिला होता. तोही ते दुसरी खुर्ची ओढून त्यांच्याबरोबर करायचे. उठताना चाचा “या अल्ला” म्हणायचे आणि बसताना चाची.

ईदनंतर काटा पुन्हा हलला. चाची पायऱ्या उतरून माझ्या ओट्यापर्यंत यायला लागल्या. चाचांचं पोट पुढं होतंच, पण सदरे आल्टर करून घ्यावे लागले. टेलरकडून आलेला सदरा त्यांनी मला दाखवायला आणला होता.

जूनमध्ये माझी कोपरगावला बदली झाली. निघताना चाचांनी मोठी दावत करायचा घाट घातला. चाचींनी तो मोडला आणि आम्हा तिघांचंच जेवण केलं. मला अजून आठवतं, वांग्याचं भरीत होतं. चाचांनी भाकरी भाजली होती आणि ती एका बाजूला करपली होती. “शिकतोय अजून,” ते म्हणाले.

हिवाळ्यात त्यांचा फोन आला. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला हो म्हटलं होतं आणि तारीखही दिली होती. मी रविवारची एसटी पकडून नगरला गेले. ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते आणि फिजिओथेरपीच्या बाई चाचींना पहिल्यांदा वऱ्हांड्यात चालवत होत्या. चाचींच्या हातात वॉकर, कपाळावर घाम. आणि त्यांच्यापुढं, लहान मुलाला चालायला शिकवताना चालतात तसे, दोन्ही हात पुढं करून युनूसचाचा उलट्या पावलांनी चालत होते. मागं कोण येतंय, कुठं बाक आहे, काही भान नव्हतं. एका नर्सला धडकताधडकता वाचले.

चाची थांबल्या. श्वास घेतला.

“सरका बाजूला,” त्या म्हणाल्या. “अजून लई रुंद हाय तुमी. मला पुढचं दिसू द्या.”

चाचा पोट आत ओढून भिंतीला चिकटून उभे राहिले. आणि चाची वॉकर टेकत टेकत त्यांच्यासमोरून पुढं गेल्या.