शेजाऱ्याच्या कोरड्या बोअरला जोडलेली अर्थिंग

लातूरला मी घर बांधलं त्याच वर्षी शेजारच्या निवृत्त एसटी कंडक्टरनं माझ्या भिंतीला खेटून बोअर घेतला. विचारलं नाही. उन्हाळ्यात माझा बोअर आटला. पुढं त्याचाही आटला, पण तेवढ्यानं माझं समाधान झालं नाही. नांदेडला दुसऱ्याच्या दुकानात मोटारींचं वाइंडिंग करत मी वर आलो आहे; आता लातूरला स्वतःचं दुकान आहे. फुकट गेलेली वस्तू मी विसरत नाही. गल्लीत मी त्याचं नाव पाणीचोर ठेवलं आणि ते टिकलं.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. रीतसर परवाना आहे, गच्चीवर अँटेनाचा खांब आहे, आणि संध्याकाळी नांदेडच्या एका निवृत्त मास्तरांशी रेडिओवर बोलणं होतं. आवाज लांब पोचावा म्हणून मी एक जुना अॅम्प्लिफायर घेतला. विकणाऱ्यानं सांगितलेल्या किमतीवर मी इतका वेळ हसलो की शेवटी त्यालाही ती जास्त वाटू लागली.

पहिल्याच संध्याकाळी माइकच्या जाळीनं माझ्या मिशीला चटका दिला. पलीकडून मास्तर म्हणाले, "आवाज दणदणीत आहे. पण मागं पिठाची गिरणी चालू आहे का?"

तेवढ्यात फाटक वाजलं. कंडक्टर होता.

"सेठ, तुमी माझ्या टीव्हीत बोलायलाव."

"काय बोलतोय?"

"कळंना. बदकावानी आवाज येतोय. मालिकेतली सून तोंड उघडती अन् तुमी वरडताव."

"मग बंद कर टीव्ही!"

"टीव्ही न्हाई, तुमचा खांब बंद करतो. गल्लीच्या सह्या घेतो."

जन्मभर भरल्या गाडीत लोकांना मागं सरकवलेला माणूस तो. सह्या त्याला मिळाल्याच असत्या, आणि माझा खांब उतरला असता.

मी मास्तरांना फोन लावला. चूक माझ्या जोडणीत होती. रेडिओच्या अर्थिंगची तार मी पॉवर सप्लायला, तिथून अॅम्प्लिफायरला आणि तिथून भिंतीतल्या प्लगला नेली होती. माळेत मणी ओवावेत तशी. मास्तर म्हणाले, "प्रत्येक पेटीची तार वेगळी काढा. सगळ्या एका तांब्याच्या पट्टीवर आणा. पट्टीपासून जमिनीपर्यंत जाणारी तार रुंद आणि आखूड ठेवा, लांब तार म्हणजे आणखी एक अँटेनाच. आणि घराच्या मीटरची अर्थिंगही तिथंच जोडा. अर्थिंगचा खड्डा कुठं घेता?"

"खड्ड्याला जागा नाही. अंगणाखाली एकीकडं पाण्याची टाकी आहे, दुसरीकडं संडासाची."

"जवळपास जमिनीत खोलवर गेलेलं लोखंड आहे का?"

"आहे. पण माणूस वाईट आहे."

"मी लोखंडाचं विचारलं."

कंडक्टरच्या बोअरचा केसिंग पाइप लोखंडी होता आणि थेट खडकापर्यंत गेलेला होता. माझ्या रेडिओच्या टेबलापासून, मध्ये भिंत धरून, हातभर लांब.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. आधी त्याची चूक काढायची, मग पाइप मागायचा, असं मी ठरवून गेलो होतो. त्यानं चूक निघूच दिली नाही.

"पाइप द्या म्हणताव? घ्या की. टीव्ही सुधारंल माझा."

फुकट मिळणाऱ्या वस्तूवर माझा विश्वास नाही. मी विचारलं, "बदल्यात काय?"

"मला पाणीचोर म्हणायचं सोडा. नातवंडं आली की पोरं त्यांना बी तेच म्हणतेत."

माझं डोकं तापलं. "जे खरं ते म्हणतो! अण्णा, तू मला विचारलंस का बोअर घेताना?"

"न्हाई. तुमी मला विचारलं का खांब उभा करताना?"

मी उठलो, चप्पल घातली, आणि फाटकापर्यंत जाऊन परत आलो. गिऱ्हाईक असं परत आलं की ते घेणार, हे मला माहीत आहे. त्यालाही कळलं असावं.

"गल्लीत म्हणणार नाही. दुकानात म्हणेन."

"दुकानात बी न्हाई."

"घरात?"

त्यानं थोडा विचार केला. "घरात म्हणा."

लिहिण्याबद्दल काही ठरलं नाही.

भिंतीला भोक पाडून मी तांब्याची पट्टी पलीकडं नेली आणि पाइप घासून, चकाकवून ती त्याला क्लॅम्पनं आवळली. संध्याकाळी मास्तरांना हाक मारली. गिरणी बंद झाली होती. भिंतीपलीकडून कंडक्टर ओरडला, "सेठ, बोलायलाव का?"

"बोलतोय!"

"काई येईना! चांगलं हाय!"

फाल्गुन संपता संपता गिरणी परत सुरू झाली. आमची काळी माती उन्हात आक्रसते. पाइपच्या भोवती बोट जाईल एवढी भेग पडली होती आणि मातीनं लोखंडाला सोडलं होतं. उपाय एकच, मुळाशी पाणी घालत राहायचं. टँकरच्या पाण्याची बादली घेऊन मी त्याच्या अंगणात गेलो. तो खुर्ची टाकून बसला होता.

"सावकाश घाला," तो म्हणाला. "लई वर्षांनी पाणी बघितलं बोअरनं."

उत्तर माझ्या ओठांवर होतं. बादली रिकामी केली, घरी आलो, दार लावलं आणि जे म्हणायचं ते मोठ्यानं म्हणालो.

बायको भाजी निवडत होती. "म्हणा," ती म्हणाली, "पण हळू. तुम्हीच भिंतीला भोक पाडलंय."