दोन पियानो आणि पळीभर पाणी

माझा पियानो कॅम्पातल्या एका म्हातारीकडून नारायण पेठेत आमच्या दुसऱ्या मजल्यावर आला, तेव्हा गॅलरीचा कठडा काढून आठ हमालांनी तो दोरखंडांनी वर ओढला. त्यातले तिघे अजून वाकून चालतात. डावीकडची शेवटची पट्टी दाबली, की कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातला वाघ उठून उत्तर देतो. खोटं वाटत असेल तर वाघाला विचारा.

आणि त्याच्या जागी आमच्या आयटीतल्या चिरंजीवांनी काय आणलं? इस्त्रीचं टेबल! वायर लावा, बटण दाबा, मग साहेब बोलणार. म्हणे डिजिटल पियानो.

"बाबा, यात अस्सल जर्मन ग्रँड पियानोचा आवाज भरलाय. सूर लावून घ्यायची कटकट नाही. हेडफोन लावले की दुपारी एक ते चारसुद्धा वाजवता येतो."

"जिलबीचा फोटो चाटून तुझं पोट भरतं का रे?"

पण घरात दोन पियानोंना जागा कुठली? दसऱ्याला सकाळी टेम्पो येणार आणि माझा पियानो जुन्या बाजारात जाणार, असं मला न विचारता ठरलं. मी दोन दिवस अन्नत्याग केला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी विळीपासून स्कूटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. माझ्या पियानोनं आजवर इतकं हळदकुंकू खाल्लंय, की मधल्या पट्ट्या वाजवल्या तर ऐकणाऱ्याला शिंक येते. नव्यावर आरती वाजवायची म्हणून चिरंजीव तो चालू करून झब्बा घालायला आत गेले.

बायको तांब्या-पळी घेऊन उभी. "अहो, याला पाणी चालेल ना?"

"वाद्य म्हणवतो ना स्वतःला? मग चालायलाच हवं."

तिनं मनोभावे पळीभर पाणी सोडलं. जर्मन ग्रँडनं एकदा 'टुंई' केलं आणि दिवा मिटला. दुसरी पळी माझ्या पियानोवर पडली. त्यानं साधा ढेकरसुद्धा दिला नाही.

"बाबा! तुम्हीच सांगितलंत ना आईला?"

"मी फक्त परीक्षा घेतली. नापास कोण झालं ते बघ."

दसऱ्याला टेम्पो ठरल्या वेळी आला. चिरंजीव तोंड पाडून म्हणाले, "हा दुरुस्तीला न्यायचाय." ड्रायव्हर एकटाच जिना चढून आला आणि तो जर्मन ग्रँड बगलेत मारून, दुसऱ्या हातानं मोबाईल कानाला लावून, गप्पा मारत खाली उतरला.