नातीचं वेगळं ताट

सुमनताई, गुडघा कसा आहे? देवरूखचे भाऊ, खोकला थांबला? वहिनी, साखर आटोक्यात ना?

आमच्या नातीचा टीबी बरा झालाय. अशा मुलांच्या मनावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई आज घरी आल्या होत्या.

"झोप लागते?"

"मस्त घोरते!" मीच म्हणालो.

"मैत्रिणी येतात?"

"ढीगभर!"

"आजोबा, तिला बोलू द्या. जगणं नकोसं वाटतं का गं?"

नात म्हणाली, "गोळ्या संपल्या, तरी माझं ताट वेगळंच आहे."

ते मीच वेगळं ठेवलं होतं.

बाई निघताना हळूच म्हणाल्या, "हिला एकटं सोडू नका. उद्या दवाखान्यात घेऊन या."

तिच्या दाराची आतली कडी उचकटून काढून मी उंबऱ्यात बसलोय. तुमच्याकडे कुणाचं ताट अजून वेगळं आहे का? बघा, आणि लवकर कळवा.