गव्हाणीतलं विमान

पुण्याला जावयाच्या घरी गेले आणि त्यांची ती खोली पहिल्यांदा पाहिली, तेव्हा माझे डोळेच पांढरे झाले. टेबलावर तीन-तीन पडदे, हातात विमानाचं सुकाणू, पायाशी पेडल, कानावर हेडफोन, आणि बटणं तर घमेलंभर ओतल्यासारखी. सुट्टीच्या दिवशी जावईबापू या खोलीत बसून विमान उडवतात. खुर्ची जागची हलत नाही, पण माणूस दिल्लीला जाऊन येतो.

वर मला म्हणतात, "आई, या खेळाला जोडायचे अजून दोन ॲड-ऑन घ्यायचेत. त्याशिवाय उडण्यात राम नाही."

"का बरं? नुसत्या खेळात विमान उडत नाही?"

"उडतं की. पण खरं वाटत नाही. ढग खोटे वाटतात, कॉकपिट ओकंओकं वाटतं."

तेवढ्यात आमची लेक चहा घेऊन आली. दारातूनच मोठ्यानं म्हणाली, "मी आले!" जावईबापू दचकले, पडद्यावरचं विमान तिरकं झालं. "बघा आई! स्वतःच्या घरात कुणी अशी दवंडी पिटत येतं का? रोजचं आहे हिचं." लेक हसली. मी चहाच्या कपात बघत बसले. मला आमचं विमान आठवलं. आमच्याकडंही होतं एक, गोठ्यात.

बहात्तरनंतरचा तो दुसरा मोठा दुष्काळ. तेरपासून थोडं आत आमचं गाव. मी गावच्या शाळेत बाई होते, आणि आमचे हे गावच्या सोसायटीचा ट्रॅक्टर चालवायचे. एरवी नांगरणी, खताची पोती. पण त्या उन्हाळ्यात ट्रॅक्टरमागं लोखंडी टाकी जोडली, आणि तेरणेच्या पात्रातल्या एका विहिरीवरून सगळ्या गावाचं प्यायचं पाणी हेच आणायचे. टाकी पारापाशी थांबली की बायापोरींची झुंबड उडायची. ट्रॅक्टर हलला नाही तर गावाच्या घशाला कोरड, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्याचा थोडा तोरा पण होता, का खोटं बोलू!

लग्नाआधी हे हवाई दलात होते. विमान चालवायला नव्हे, मोटारी चालवायला. पण तिथं एक लाकडी डबा होता म्हणे, आखूड पंखांचा, जमिनीला बांधलेला. नवे वैमानिक आधी त्यात बसून शिकायचे. वरून झाकण लावलं की बाहेरचं काही दिसायचं नाही, समोरचे काटे बघूनच उडवायचं. शेजारी टेबलाशी एक मास्तर बसून आतल्याला कोड्यात पाडायचा. ह्यांना एकदा कुणीतरी त्या डब्यात पाच मिनिटं बसू दिलं होतं. त्या पाच मिनिटांवर हा माणूस वीस वर्षं जगत होता.

चारा संपला तशी आमची बैलजोडी छावणीत गेली. गोठा रिकामा पडला. एके दुपारी सकाळची शाळा सुटून मी घरी आले, तर हे गव्हाणीत! लाकडी फळ्यांची लांब गव्हाण, तिच्यात पाय पसरून बसलेले, दोन गुडघ्यांत कुदळीचा दांडा धरलेला, डोळे मिटलेले, आणि तोंडानं घुर्रर्र चाललेलं. माझी तर बोबडीच वळली. म्हटलं, उन्हानं डोकं फिरलं का काय!

"अहो! काय चाललंय हे?"

"उडतोय. बाजूला हो, पंखा लागंल."

मी कपाळावर हात मारला. आठ वर्षांची आमची लेक मात्र दावणीच्या खुंट्यावर बसून शांतपणे बघत होती. ती मुळात अबोल. तहान लागली तरी मागायची नाही, तांब्याकडं बघत उभी राहायची. शाळेतही तिची हजेरी घेताना मला मान वर करून बघावं लागायचं.

आता माझा स्वभाव. शाळेत तपासणीला साहेब आले की पहिला प्रश्न, शैक्षणिक साहित्य कुठंय? तक्ते, पुठ्ठ्याचं घड्याळ, मणी. साहित्याशिवाय पाठ म्हणजे मिठाशिवाय कालवण, हे माझ्या हाडीमाशी भिनलेलं. दोन-चार दिवस हसून झाल्यावर मलाच ते विमान बघवेना. एक काटा नाही, एक मीटर नाही, हे कसलं विमान!

"काय लागत न्हाय गं," हे म्हणायचे. "डोळं मिटलं की खाली समदी तेरणा दिसती. पाणी भरलेली."

"डोळे मिटून कुणी उडतं का? उद्या विचारलं किती उंचावर आहात, तर काय सांगाल?"

"लई उंचावर."

"लई म्हणजे किती? मला आकडा पायजे."

मग मीच कंबर कसली. शाळेतल्या जुन्या पुठ्ठ्याच्या घड्याळावर उंचीचे आकडे घातले. वेगाची, दिशेची आणि तेलाची अशा आणखी तीन तबकड्या केल्या, त्यांना जाड पुठ्ठ्याचे काटे टाचणीनं बसवले, आणि चारही एका फळीवर लावून फळी गव्हाणीत उभी केली. सोसायटीचे चेअरमन बघायला आले, त्यांनी भंगारातल्या जीपचं स्टेअरिंग पाठवून दिलं. हौसेला मोल नसतं! ह्यांनी स्टेअरिंगला हातसुद्धा लावला नाही, कुदळीचा दांडाच बरा म्हणाले. पण मी ते बसवलंच.

आणि मी झाले मास्तर. दुपारच्या फेरीआधी हे गव्हाणीत बसायचे, मी वह्या तपासता तपासता मध्येच उठून काटे फिरवायची आणि दरडावून विचारायची, "उंची?"

हे हात पुढं करायचे, काट्यावर बोट ठेवायचे, आणि सांगायचे, "चार हजार."

"पहिलीतल्या पोरासारखं बोट लावून काय वाचताय? एवढे हवाई दलातले तुम्ही!"

"सवय लागली," म्हणायचे. "गोठ्यात अंधार असतो ना." मी खो खो हसायची. ते बोट मला लई गमतीचं वाटायचं. त्या दिवसांत पेपर आला की हे लेकीला म्हणायचे, वाच बरं मोठ्यानं, तुझी जीभ तरी सुटंल. मला त्याचंही कौतुक. दारातल्या खाटेला दोनदा अडखळले, तर मी खाटेलाच शिव्या घातल्या.

तबकड्यांवरची खळ कोंबडी टोचायला लागली, वर धूळ बसून आकडे मळले. आमच्या लग्नाच्या फोटोला वाळवी लागली होती, पण त्याची काच शाबूत होती. फळीच्या कडेला खाच पाडून मी ती काच चारही तबकड्यांवरून सरकवून बसवली. काय दिसत होतं म्हणून सांगू! खऱ्या विमानासारखं. चार माणसांना बोलावून दाखवावं असं.

त्या दुपारी हे पाण्याची टाकी भरून आले, ट्रॅक्टर दारातच लावला, जेवले आणि गव्हाणीत बसले. मी आधीच काटे लावून काच सरकवून ठेवली होती. उंची दोन हजार, दिशा दक्षिण.

"उंची?"

ह्यांनी हात पुढं केला. बोट काचेवर टेकलं आणि घसरलं. परत टेकवलं. बोट काचेच्या कडेकडेनं फिरायला लागलं, आत शिरायला फट शोधावी तसं. मी वाट बघत होते, की आता म्हणतील, वा, काच काय झकास बसवली!

"पाच हजार," हे म्हणाले.

"नीट बघा. दिशा?"

"उत्तर."

मला वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा करणारा माणूस समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. हे फळीकडं बघत होते आणि घाम पुसत होते. मी काच सरकवली, उंचीची तबकडी टाचण्यांसकट उपटून हातात घेतली आणि काच पुन्हा लावली. तिथं आता नुसतं लाकूड होतं.

"आता उंची किती?"

"तीन हजार," त्या मोकळ्या लाकडाकडं बघत हे म्हणाले. "पास का नापास, बाई?"

तबकडी हातात तशीच. हे हसत हसत गव्हाणीतून उतरले, "वेळ झाली, बाया खोळंबल्या असतील," असं म्हणत बाहेर पडले. एवढं सरळ चालत गेले की कुणाला शंका येऊ नये. अंगणाची पावलं त्यांना पाठ होती. मी तिथंच. ट्रॅक्टरच्या पायरीवर त्यांचा बूट वाजला तेव्हा कुठं मला हललं पाहिजे हे कळलं.

मी दारात आले.

उन्हात सावली कुठं होती तर ती ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाची. त्या सावलीत, चाकाला पाठ लावून, मांडीवर कळशी घेऊन, आमची लेक झोपली होती. टाकीबरोबर पारापर्यंत जायचं म्हणून येऊन बसली असणार आणि डोळा लागला असणार. सीटवर बसलेल्या ह्यांनी, हवाई दलाची शिस्त ती, निघायच्या आधी उजवीकडं वाकून बघितलं. मग डावीकडं वाकले. अगदी तिच्यावर नजर ठेवली. मी बघत होते. बापानं लेकीकडं पुरं बघितलं, आणि सरळ होऊन चावीला हात घातला.

"हात काढा!" मी अशी ओरडले की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. धावत गेले आणि ह्यांच्या हाताखालून चावी ओढून घेतली.

"काय झालं? कोण हाय?"

"कोण हाय? डावीकडं कोण हाय, तुम्ही सांगा! आत्ता बघितलंत ना तुम्ही!"

हे पुन्हा वाकले. लई वेळ बघत राहिले. माझ्या ओरडण्यानं लेक जागी झाली होती, पण ती कसली बोलतेय! डोळे चोळत गप्प बसलेली. तोंडातून हूं नाही का चूं नाही.

"तिथं कोण न्हाय," हे म्हणाले. आणि मग तिची कळशी जमिनीवर वाजली.

तो आवाज ऐकून ह्यांचं तोंड जे झालं ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून बसले.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"सुगीपासनं. उजेड दिसतो. लुगड्यांचे रंग दिसतात. रस्ता चाकालाच ठावं हाय. पोरं कुठं हायत ते आवाजावरनं कळतं."

"आणि जी आवाज करत नाही ती?"

हे एवढंच म्हणाले, "गावाला पाणी कोण आणलं असतं?"

मी तिथं जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. पाणी आणायला निघालात का माणसं चिरडायला, असं पण बोलले. बोलत होते त्यांना, पण लाज माझी मला वाटत होती. मला दोन धडधाकट डोळे होते. रोज तीस पोरांच्या वह्यांतली वेलांटी चुकलेली मला लांबून दिसायची. आणि घरच्या माणसाचं बोट काट्यावर का जातं ते मी हसून घालवलं होतं.

चावी कमरेला खोचून मी पारावर गेले आणि बायांना सांगितलं, टाकी आज हलणार नाही, घागरी घेऊन आमच्या दारात या. "का वो बाई?" एकीनं विचारलं. लपवून काय करायचं होतं? "आमच्या ह्यांना दिसत नाही," मी म्हटलं. त्यांच्याच पोरी त्या चाकापुढं रोज पळत होत्या. एकसुद्धा बाई वेडंवाकडं बोलली नाही. रांग लावून पाणी घेतलं आणि जाताना प्रत्येकीनं आपल्या पोरीचं मनगट घट्ट धरलं. ते मला जास्त लागलं.

सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्यामागची नस वाळलीय, गेलं ते परत येणार नाही, आहे तेवढं टिकवू. चेअरमन आधी तणतणले, पण मग त्यांनीच ह्यांना विहिरीवरच्या इंजिनावर नेमलं. इंजिनाचं दुखणं ह्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस आला.

काच, तबकड्या, स्टेअरिंग, सगळं मी उपटून टाकलं. ह्यांना काही फरक पडला नाही. छावणीतून बैल परत येईपर्यंत रोज दुपारी गव्हाणीत बसायचे, कुदळीचा दांडा घेऊन. मी उंची विचारली नाही परत कधी.

फक्त एक नेम ह्यांनी घालून दिला. त्या संध्याकाळी लेकीला पुढ्यात घेऊन, तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाले, "बाळा, माझ्याजवळ येताना बोलत यायचं. गप्प यायचं न्हाय. मी आले म्हणायचं." दुसऱ्या दिवशी ती गोठ्याच्या दारात बराच वेळ उभी राहिली. ओठ हलवून बघितले. मग घसा फाटेस्तोवर ओरडली, "आप्पा, मी आले!"

"ये," गव्हाणीतून हे म्हणाले. "बस मागं."

आप्पांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. जावईबापूंना यातलं काही माहीत नाही. त्यांनी पडद्यावरचं विमान सरळ केलं आणि मला विचारलं, "सांगा ना आई, घेऊ का ते ॲड-ऑन?"

"घ्या की," मी म्हटलं. "पण ती दारात ओरडली तर रागावत जाऊ नका."